टाइपस्क्रिप्ट : केळीच्या हिशेबाला लावून पाहिलं

सावदा-रावेरकडच्या केळी व्यापाऱ्यांचं खरेदीचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. सगळं जुनं जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत होतं, ते आता टाइपस्क्रिप्टवर आणलंय, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर हा 'टाइप' आधीच तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्याच वाढीव रूपावर. पैशाचा हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे वापरावंच, असं माझं मत आहे.

का, ते एका पावतीवरून सांगते. माल दोन खेपांत काट्यावर आला : १२.५ क्विंटल आणि ८ क्विंटल. स्क्रीनवरच्या रकान्यात भरलेलं वजन जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतं, आणि मजकुरांची बेरीज म्हणजे नुसती जोडाजोड. उत्तर येतं १२.५८. पुढे १८०० च्या भावानं गुणताना तीच भाषा त्या मजकुराचा गुपचूप आकडा करते आणि चुकारा निघतो २२,६४४ रुपये. हवा ३६,९००. प्रोग्राम बंद पडत नाही, आणि १२.५८ क्विंटल हे वजन दिसायलाही खोटं वाटत नाही. वर्षभर बाग जपलेल्या माणसाचे १४,२५६ रुपये असे जातात! टाइपस्क्रिप्ट गुणाकाराच्या ओळीवरच अडतं : इथे आकडा पाहिजे, मजकूर चालणार नाही. तेही प्रोग्राम चालवायच्या आधी.

मायक्रोसॉफ्टनं हे २०१२ साली बाहेर आणलं. टर्बो पास्कल आणि सी शार्प ही प्रोग्रामिंगची साधनं घडवणारे अँडर्स हेल्सबर्ग यामागे आहेत. फुकट आहे, आणि जुन्या फाइली एकेक करून बदलता येतात. फक्त 'स्ट्रिक्ट' ही कडक तपासणीची सेटिंग चालू ठेवा. त्याशिवाय अर्धी मजा नाही. भाव अजून निघाला नसेल तर रकान्यात नल, म्हणजे 'इथे काहीच नाही' अशी खूण असते, आणि नल गुणिले वजन म्हणजे जावास्क्रिप्टच्या लेखी शून्य. स्ट्रिक्टमध्ये ही ओळ पुढे जातच नाही. मग शेठना फोन लावला : "भाऊ, भाव नसला तर काय करायचं?" ते म्हणाले, "तर मंग पावती निघायलाच नको ना, ताई." नियम आधीपासून होता, प्रोग्रामला आत्ता कळला.

तक्रारी दोन. कंपाइल झालं, म्हणजे त्याचं साधं जावास्क्रिप्ट बनलं, की सगळे टाइप पुसले जातात, त्यामुळे सर्व्हरवरून आलेल्या माहितीवर प्रोग्राम चालताना कुणाचाच पहारा नसतो. जेसन, म्हणजे ती माहिती ज्या मजकुराच्या साच्यात येते तो, वाचलं की हातात 'एनी', म्हणजे 'काहीही चालेल' हा टाइप येतो, आणि एनीला सगळं माफ. आत येणारी माहिती आपणच तपासून घ्यायची.

दुसरी जास्त टोचते. किलो काय, क्विंटल काय, दोन्ही नंबरच. टाइपला नुसतं वेगळं नाव देऊन भागत नाही, कारण ही भाषा नाव नाही, घडण बघते. टाइपला वेगळी खूण जोडावी लागते, त्याला ब्रँडिंग म्हणतात. लिहायला ते ओबडधोबड दिसतं, तरी मी दोन्ही मापांना केलं. काट्यावरचे किलो शंभरानं भागून क्विंटल केल्याशिवाय आता चुकाऱ्याच्या फंक्शनमध्ये जात नाहीत.