कार्ताहेना की सान हुआन?

कॅरिबियन समुद्रावरचं जुनं, तटबंदीचं स्पॅनिश बंदर पाहायचं ठरवलं की बहुतेकांची गाडी या दोन नावांवर येऊन अडते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी आधी पासपोर्ट उघडावा. सान हुआन ही पोर्तो रिकोची राजधानी आणि पोर्तो रिको अमेरिकेच्याच अखत्यारीत, त्यामुळे न्यूयॉर्कहून जाणं म्हणजे देशांतर्गत विमानप्रवास. एच-वन-बी व्हिसाचा शिक्का संपला असला तरी मुक्काम कायदेशीर असेल तर जाऊन येता येतं. कागदपत्रं तेवढी जवळ ठेवा. कार्ताहेना कोलंबियात आहे, तिथून परत यायला चालू शिक्का लागतोच. भारतातून निघणाऱ्यांना सान हुआनसाठी अमेरिकेचा व्हिसा हवा. कोलंबियाचे नियम वेगळे आणि बदलते, तिकीट काढण्याआधी पाहून घ्या.

इतिहासात दोघी सख्ख्या बहिणी. सान हुआन १५२१ च्या सुमारास आजच्या जागी वसलं, कार्ताहेना १५३३ मध्ये पेद्रो दे एरेदियाने वसवलं. दोन्हीकडे सोन्याचांदीची जहाजं आणि त्यांच्या मागावर इंग्रज चाचा फ्रान्सिस ड्रेक. १५८६ मध्ये त्याने कार्ताहेना जिंकून जबर खंडणी उकळली. १५९५ मध्ये सान हुआनवर आला तेव्हा तिथल्या तोफांनी त्याला माघारी धाडलं.

तुम्ही सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातले असतील, चर्या, बुरूज आणि टाकी पाहिल्याशिवाय चैन पडत नसेल, तर सान हुआनला जा. एल मोरो हा किल्ला थेट समुद्रात घुसलेल्या कड्यावर सहा पातळ्यांत उतरत जातो. जमिनीच्या बाजूने येणाऱ्या शत्रूसाठी सान क्रिस्तोबाल बांधला. स्पेनने अमेरिका खंडात बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला. त्याच्या मधल्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारी पाच प्रचंड टाकी आहेत. दोन्हींची देखभाल उत्तम, माहितीफलक इंग्रजीतही. एल मोरोसमोरच्या हिरवळीवर वाऱ्याच्या दिवशी घरंच्या घरं पतंग उडवायला येतात. जुनं शहर लहान, निळसर दगडी फरशांच्या गल्ल्यांचं. दोन दिवसांत निवांत पाहून होतं. आईवडील सोबत असतील तर हेच सोयीचं.

माझं मन मात्र कार्ताहेनाकडे ओढ घेतं. जवळजवळ ११ किलोमीटर तटबंदी आणि सान फेलिपे दे बाराहास हा भुयारांचा किल्ला तिथेही आहेच. १७४१ मध्ये, म्हणजे चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर दोनच वर्षांनी, इंग्रज अ‍ॅडमिरल व्हर्नन प्रचंड आरमार घेऊन इथे आला. एक पाय, एक डोळा आणि एका हाताचं बळ आधीच्या लढायांत गमावलेला स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो मूठभर सैन्यानिशी उभा राहिला. तटाला पावसाची आणि पीतज्वराची साथ मिळाली आणि इंग्रज परतले. तोवर लंडनमध्ये विजयाची पदकंसुद्धा पाडून झाली होती. वॉशिंग्टनजवळच्या माउंट व्हर्ननला तुम्ही गेला असाल, तर ते नाव याच अ‍ॅडमिरलचं.

पण हे शहर लढायांपेक्षा माणसांमुळे लक्षात राहतं. घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरलं की जो चौक लागतो, तिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा बाजार भरे. जवळच पेद्रो क्लावेर या जेझुइट धर्मगुरूचं चर्च आहे. जहाजांच्या तळघरांत उतरून त्या आजारी, बेड्या घातलेल्या माणसांची त्याने १६५४ मध्ये मरेपर्यंत सेवा केली. पळून गेलेल्यांनी जंगलात वस्त्या उभारल्या. त्यांचा पुढारी बेन्कोस बियोहो याला स्पॅनिशांनी १६२१ मध्ये फाशी दिलं, तरी सान बासिलिओ दे पालेन्के हे गाव टिकलं आणि तिथली मिश्र बोली आजही कानावर पडते. तटाजवळ रंगीत झग्यांत फळं विकणाऱ्या बायका मूळच्या त्याच गावच्या. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि पैसे द्या. हा त्यांचा रोजगार आहे. मुख्य तटाबाहेरची हेत्सेमानी ही मूळची कष्टकऱ्यांची वस्ती. ११ नोव्हेंबर १८११ ला स्वातंत्र्याची घोषणा करायला इथल्याच लोकांनी भाग पाडलं. १८१५ च्या वेढ्यात शहर उपासमारीने खंगलं, तेव्हापासून त्याला ‘ला एरोइका’ म्हणजे वीरांगना म्हणतात.

उणं काय? फेरीवाले पाठ सोडत नाहीत, इंग्रजी फारसं चालत नाही आणि शहराला लागून असलेले किनारे यथातथाच. स्वच्छ पाण्यासाठी बोटीने रोसारिओ बेटांवर जावं लागतं. उकाडाही जास्त, कारण कार्ताहेना साधारण कोचीच्या अक्षांशावर आहे. सान हुआन पुण्याच्या अक्षांशावर, पण चक्रीवादळांच्या वाटेत. सप्टेंबर २०१७ मधल्या मारिया वादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केलं होतं, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर तिकडे टाळा. कार्ताहेनाला वादळं सहसा गाठत नाहीत, ऑक्टोबरचा पाऊस मात्र जोरदार.

शाकाहारींनी दोन्हीकडे विचारून खावं. सान हुआनचा मोफोंगो कच्च्या केळ्याचा असला तरी त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, घेवड्याच्या उसळीतही कधीकधी. कार्ताहेनात नारळाच्या दुधात शिजवलेला किंचित गोड भात मिळतो, कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल.

कार्ताहेना ठरलं तर चार दिवस ठेवा. त्यातला एक पालेन्केसाठी, आणि सोबत त्या गावातलाच वाटाड्या घ्या.