केबल, मेश की पॉवरलाइन: अडखळणाऱ्या फोर-के व्हिडिओवर कोणता इलाज?

टीव्हीशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट घेतली की 250 एमबीपीएस दिसतात, आणि घरच्या सर्व्हरवरची फोर-के फाइल तरीही अडखळते. मग तीन वाटा समोर येतात: मेश वायफाय (घरभर ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली वायफायची अनेक उपकरणं, म्हणजे नोड), पॉवरलाइन अडॅप्टर (घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच डेटा नेणारा), नाहीतर सरळ लॅन केबल.

पैसे घालण्याआधी एक खातरजमा करा. लांब केबल राउटरपासून टीव्हीपर्यंत जमिनीवरून तात्पुरती टाका, टीव्हीचं वायफाय बंद करा आणि अडखळणारा प्रसंगच पुन्हा लावा. तरीही अडखळलं तर दोष बहुधा नेटवर्कचा नाही. सर्व्हरवर ट्रान्सकोडिंग, म्हणजे व्हिडिओ चालू असतानाच त्याचं दुसऱ्या रूपात रूपांतर, चालू आहे का ते बघा. पीजीएससारखी चित्ररूप सबटायटल्स टीव्हीला झेपत नसतील, तर सर्व्हर ती चित्रातच मिसळण्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करतो आणि साधा प्रोसेसर तिथे धापा टाकतो. सर्व्हरही वायफायवरच असेल तर आधी तो केबलने राउटरला जोडा. एकाच बँडवर दोघंही असले की तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि वेग जवळपास निम्मा होतो.

पॉवरलाइनबद्दल थोडक्यात. खोक्यावरचा 1200 एमबीपीएस हा आकडा कागदावरचा. हाती येतो तो त्याचा लहानसा हिस्सा. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावावा, कारण सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड सिग्नल गिळतो. दोन सॉकेट वेगळ्या फेजवर असतील, किंवा त्याच वायरिंगवर स्वस्तातले चार्जर आणि डिमर असतील, तर वेग आणखी घसरतो. भिंती जाड असतील आणि केबल नेणं शक्यच नसेल, तर परत करता येईल अशा बोलीवर आणून बघायला हरकत नाही.

मेशची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. फोन आणि लॅपटॉपसाठी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. नोड टीव्हीच्या कोपऱ्यात न ठेवता राउटर आणि टीव्हीच्या मध्यावर ठेवला, बॅकहॉलला, म्हणजे नोड आणि राउटर यांच्यातल्या दुव्याला, स्वतंत्र बँड मिळाला, तर फोर-के बरेचदा नीट चालतं. माझा कौल फिरला तो मात्र एका कटकटीमुळे. 5 गिगाहर्ट्झमधले 52 ते 144 हे चॅनल रडारच्या वाट्याचेही आहेत. रडारसारखा सिग्नल जाणवला की राउटरला चॅनल सोडावाच लागतो, आणि त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान 60 सेकंद नुसतं ऐकत थांबावं लागतं. चित्रपट ऐन रंगात असताना पडदा गोठतो, आणि उठून तपासेपर्यंत सगळं पूर्ववत झालेलं असतं. 36 ते 48 मधला चॅनल पक्का केला की हा त्रास जातो. पण अनेक मेश संचांच्या अ‍ॅपमध्ये चॅनल निवडायची सोयच नसते! रोग कळलाय, औषध कळलंय, आणि बाटलीचं झाकण उघडत नाही.

केबलवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचं असतं. प्रत्यक्षात 94च्या आसपास मिळतात. आकड्यांत वायफाय पुढे. तरी माझ्या अनुभवात अखंड मिळणारे 94 हे वरखाली होणाऱ्या 250 पेक्षा सरस ठरतात, कारण व्हिडिओ अडतो तो मधल्या दोन-तीन सेकंदांच्या खड्ड्यात, सरासरीत नाही. ऑनलाइन सेवांच्या फोर-केला 25 एमबीपीएस पुरतात. डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल काही प्रसंगांत 100 च्या वर उसळते. छोटी उसळी बफर झेलतो, मोठीसाठी गिगाबिट पोर्टचा वेगळा प्लेअर घ्यावा. काही टीव्हींना यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टरही चालतो.

हे पडताळायला टीव्हीच्या जागी लॅपटॉप ठेवा आणि सर्व्हरकडून आयपर्फ3 या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची चाचणी 10 मिनिटं, दर सेकंदाची नोंद घेत चालवा. सरासरी बाजूला ठेवून सगळ्यात खालचा आकडा बघा.

केबल घेताना कॅट 5ई किंवा कॅट 6, पण शुद्ध तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल वाकवताना तुटते. कनेक्टर बसवताना जोड्यांचे पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि विजेच्या तारेला समांतर चिकटवून नेऊ नका. ओलांडायचीच झाली तर काटकोनात. गिगाबिट पोर्ट असूनही लिंक 100 वरच अडकली, तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही असं समजा.

भोकं पाडायची परवानगी नसेल तर चपटी केबल दाराच्या फटीतून जाते. फक्त बिजागरीच्या बाजूने नेऊ नका, तिथे ती रोज चेमटते. आणि मेश आधीच घरात असेल तर तो टाकून देऊ नका: नोड केबलने राउटरला जोडा आणि टीव्हीची केबल त्या नोडमध्ये लावा.