जेएमआरआय: घरातल्या बोरघाटावर वर्षभर वापरल्यानंतर

मॉडेल रेल्वेवाल्यांत एक समज पक्का आहे. कॉम्प्युटर जोडला की गाड्या आपोआप धावणार आणि आपण चहा पीत बघत बसणार. मॉडेल रेल्वे कॉम्प्युटरवरून हाताळायचा जेएमआरआय हा प्रोग्रॅम वर्षभर वापरून सांगतो, तो भाग मला सगळ्यात कमी उपयोगी पडला. ज्या कामासाठी हा प्रोग्रॅम आता सुटणार नाही ते दिसायला अगदी रुक्ष आहे: प्रत्येक इंजिनाची कुंडली मांडणं आणि ती जपून ठेवणं.

माझा पसारा असा. पुण्यातल्या फ्लॅटची एक खोली, प्लायचे टेबल, त्यावर एचओ, म्हणजे १:८७ मापाचे रूळ. कर्जत–लोणावळा घाटावर बेतलेला एक चढही आहे, मूळ घाटासारखाच ३७ ला १. इंजिनं अल्को या अमेरिकन कंपनीच्या नमुन्याची, कारण आपली बरीच डिझेलं त्याच घराण्यातली. सगळं डीसीसीवर चालतं: रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिन फक्त आपल्या पत्त्यावर आलेली आज्ञा ऐकतं. या आज्ञा रुळांत सोडणारं तयार कमांड स्टेशन खिशाला झेपेना, म्हणून आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड घेऊन त्यावर डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर चढवलं आणि यूएसबीने जुन्या लॅपटॉपला जोडलं. हे करणार असाल तर शील्डवरची व्हीआयएनची (आर्डुइनोला वीज पोचवणारी) जोडणी आधी कापा, नाहीतर रुळांसाठीची वीज थेट आर्डुइनोत शिरते.

जेएमआरआय फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि जावावर चालत असल्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स काहीही चालतं. पाचव्या आवृत्तीला जावा ११ लागतं, बाकी मशीन जुनं असलं तरी अडत नाही. त्यातला डीकोडरप्रो हा भाग म्हणजे खरा ऐवज. डीकोडर म्हणजे इंजिनात बसवलेली, आज्ञा ऐकणारी चिप; बाजारातल्या बहुतेक डीकोडरांच्या माहितीच्या फायली हौशी लोकांनी वर्षानुवर्षं बसून भरल्या आहेत. याच फायलींवरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली होती. एका प्रतिस्पर्ध्याने त्या श्रेय न देता उचलल्या, तेव्हा प्रकल्पाचे एक कर्ते रॉबर्ट जेकबसन कोर्टात गेले. २००८ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या अटीही कॉपीराइट कायद्याने बंधनकारक ठरू शकतात. खेळण्यातल्या गाड्यांवरून सुरू झालेला हा खटला पुढे जगभरच्या ओपन सोर्सवाल्यांच्या कामी आला.

कोरं इंजिन पेटीतून निघतं तेव्हा त्याचा पत्ता ३ असतो. दोन नवी इंजिनं एकदम रुळांवर ठेवली की दोन्ही एकाच आज्ञेवर पळतात. म्हणून आधी प्रत्येकाला प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर, न्यायचं. तिथे डीकोडरप्रो एकेक सीव्ही, म्हणजे डीकोडरातलं क्रमांक दिलेलं सेटिंग, वाचत जातो, आणि प्रत्येक उत्तराला इंजिन जागच्या जागी किंचित दचकतं. डीकोडरकडे बोलायला दुसरा मार्गच नाही. किमान ६० मिलिअँपिअरचा, साधारण ६ मिलिसेकंदांचा एक झटका म्हणजे त्याचं 'हो'. चाकं मळली असतील तर हे 'हो' पोचत नाही आणि वाचन अडकतं. आवाजाच्या डीकोडराची सगळी पानं वाचायला लावली तर जेवून या, निवांत.

पूर्वी सीव्ही २९ साठी कागदावर बेरीज करावी लागायची: नेहमीचे ६, लांब (चार आकडी) पत्ता हवा तर त्यात ३२ मिळवा, ३८ लिहा. आता चौकटीत टिक केली की झालं. आणि मुख्य म्हणजे सगळं फाइलमध्ये राहतं. माझ्या एका स्वस्तातल्या डीकोडरने मध्येच स्मृती गमावली, तेव्हा जुनी फाइल परत लिहिली आणि इंजिन पूर्ववत चालू लागलं.

याचं खरं चीज झालं ते घाटात. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात तसे मीही लावतो. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा जरा जरी जोरात असलं तरी वळणावर मधले रिकामे डबे उचलले जाऊन बाहेर पडतात. हळू असलं तर पुढच्याची चाकं घसरतात. सीव्ही ६७ ते ९४ मध्ये वेगाचे २८ टप्पे असतात, आणि डीकोडरप्रो ते उभ्या पट्ट्यांच्या रूपात दाखवतो. दोन्ही इंजिनं समांतर रुळांवर सोडायची, एकाच्या पट्ट्या खालीवर करायच्या, जुळेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा जुळल्यावर अठरा डब्यांची मालगाडी न हिसकता चढ चढते ती बघण्यासारखी असते.

मोबाईलवरून गाडी चालवणं घरच्यांना सगळ्यात आवडलं. लॅपटॉपवर जेएमआरआयमधला वायथ्रॉटल सर्व्हर सुरू करायचा, अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर हे अ‍ॅप घ्यायचं, सगळे एकाच वायफायवर. भाचा मालगाडी चालवतो, त्याचे आजोबा पॅसेंजर, आणि कोण सिग्नल तोडून गेलं यावर भांडणं. सेटिंगमध्ये आपत्कालीन थांब्याची खूण मात्र करून ठेवा. फोनचा संपर्क तुटला तर काही सेकंदांत गाडी उभी राहते.

आता ऑटोमेशन. जेएमआरआयच्याच पॅनेलप्रो या भागात स्क्रीनवर नकाशा काढून माउसने सांधे बदलता येतात, हे झकास. पण गाडी कुठे आहे हे प्रोग्रॅमला कळायचं तर रुळांचे ब्लॉक, म्हणजे विजेच्या दृष्टीने वेगळे तुकडे, पाडा, प्रत्येकाला करंट डिटेक्टर लावा, आणि नुसते डबेही दिसावेत म्हणून अ‍ॅक्सलांवर दहा किलोओहमचे रेझिस्टर चिकटवा. प्रोग्रॅम फुकट, पण इथे खर्चाला अंत नाही. मी स्टेशनापुरते ब्लॉक करून थांबलो. पावसाळ्यात रुळांवर काळपट थर साचतो, डिटेक्टर गोंधळतात, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल व फडकं घेऊन बसावंच लागतं, स्क्रिप्ट कितीही हुशार असो.

दिसायला प्रोग्रॅम जुनाट आहे. खिडकीवर खिडकी उघडत जाते, मेनू कुठल्या खिडकीत दडलाय ते शोधावं लागतं, आणि मदतीची पानं तपशीलवार असली तरी आधीच जाणकार असलेल्याला सोयीची. नवख्याने पहिला महिनाभर डीकोडरप्रोपलीकडे जाऊच नये असं माझं मत. डाउनलोड करताना प्रॉडक्शन आवृत्तीच घ्या, टेस्ट नको. आणि रोस्टरचं, म्हणजे इंजिनांच्या फायलींचं, फोल्डर दर अपडेटआधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.