डॅशबोर्ड झकास, पण आधी ती दोन पानं उघडून बघा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी आयटी बघतो. ‘आयटी बघतो’ म्हणजे सर्व्हरपासून गेटवरच्या थंब मशीनपर्यंत आणि टॅलीपासून मालकांच्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टच्या प्रिंटपर्यंत सगळं. हाताखाली एक पोरगा आहे, पण तो निम्मा आठवडा कागलला असतो, कारण आमचं मशीन शॉप तिकडं पंचतारांकित एमआयडीसीत आहे. दोन्हीकडं मिळून १६० च्या आसपास कॉम्प्युटर.

गेल्या वर्षी मालकांनी एक साधा प्रश्न विचारला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे त्यांच्या कानावर आलं होतं. “आपल्यात असली किती हाईत? आणि त्यातली बदलायला किती लागणार?” माझ्याकडं एक एक्सेल होती. तिच्यात तीन वर्षांपूर्वी भंगारात गेलेले कॉम्प्युटर अजून नांदत होते. मालकांना खरं सांगितलं, दोन शिव्या खाल्ल्या आणि जून २०२५ मध्ये हे आयटी मॅनेजमेंट अप्लायन्स, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळायचं यंत्र, घेतलं.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. डबा येत नाही, व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरमधल्या कॉम्प्युटरची) फाइल येते, ती आपल्या सर्व्हरवर चढवायची. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकायचा. तो आत काय काय आहे ते कळवत राहतो आणि इथून सांगाल ते पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या), सॉफ्टवेअर, स्क्रिप्ट तिथं चालवतो. वर तिकिटांची सोय. कंपनीचं आणि पुण्याच्या वितरकाचं नाव लिहीत नाही. पुढं उणंदुणं बरंच आहे, आणि मला नाव घेऊन भांडण उकरायची हौस नाही. या जातीचं कुठलंही यंत्र घेताना हे तपासता येईल.

मोजदाद आणि पॅचिंग या दोन कामांना पैकीच्या पैकी. एजंट टाकून झाल्यावर दोन दिवसांत मालकांच्या प्रश्नाचं उत्तर टेबलावर. कुठल्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज ११ घेणारच नाही, त्याची वेगळी यादी. पॅच जेवणाच्या सुट्टीत गुपचूप जातात, पाळीवाल्यांना पत्ता लागत नाही. डेमोत वितरकाच्या माणसाने दाखवलं ते सगळं खरं निघालं. रंगीत चकत्या, खाली-वर जाणारे आलेख, लै भारी. पण डेमोत त्याने नेटवर्क आणि सिक्युरिटी या दोन पानांवर माऊससुद्धा नेला नव्हता, आणि मीही ‘दाखव’ म्हणालो नाही. माझे पुढचे दोन महिने त्याच दोन पानांनी खाल्ले.

ही दोन पानं माझ्या इतकी जिवाला का लागली, ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि रस्ता बंद पडला. मी राजारामपुरीत, सर्व्हर शिरोलीत, मधे पाणी. तेव्हाच ठरवलं होतं, की घरात बसून सगळं हलवता आलं पाहिजे. आणि नेमक्या त्याच जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कसेया कंपनीच्या व्हीएसए या अशाच प्रकारच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून चोर घुसले आणि त्याच वाटेने शेकडो कंपन्यांत रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, सोडलं. एजंटला प्रत्येक कॉम्प्युटरवर सगळे अधिकार असतात. ज्याच्या हातात हे यंत्र, त्याच्या हातात १६० कॉम्प्युटर. म्हणजे पूर सांगतो दार उघडं ठेव, आणि चोर सांगतो दाराला फटसुद्धा ठेवू नको. या दोघांच्या मधली वाट त्या दोन पानांवर काढायची असते.

नेटवर्कचं पान दिसायला गरीब. आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), मास्क, गेटवे, डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी वही), यंत्राचं नाव, प्रॉक्सी, मेल सर्व्हर, घड्याळ. बदल केला की सेव्हसोबत अख्खं यंत्र रीबूट होतं, आमच्याकडं आठ मिनिटं धरा. मी केलेली चूक तुम्ही करू नका: एजंट टाकताना यंत्राचा पत्ता म्हणून आयपी दिला. महिन्याभराने सर्व्हरसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, केलं, आयपी बदलला, आणि १६० एजंट जुन्या पत्त्यावर हाका मारत बसले. परत सगळीकडं ग्रुप पॉलिसीने (विंडोजची सगळ्या कॉम्प्युटरांना एकदम हुकूम सोडायची सोय) नवीन पत्ता पोचवावा लागला. पहिल्यापासून नाव दिलं असतं तर डीएनएसमध्ये एक ओळ बदलून भागलं असतं. इन्स्टॉलर बनवताना यंत्र दोन्हीपैकी काहीही मुकाट घेतं, एका शब्दाने बजावत नाही.

घड्याळाचीही एक गंमत. एनटीपीच्या, म्हणजे घड्याळ जुळवायच्या सर्व्हरच्या, जागी आधीच कुठला तरी परदेशी सर्व्हर भरलेला होता आणि आमच्या फायरवॉलवर १२३ नंबरचं पोर्ट बाहेर जायला बंद. त्यामुळं यंत्राचं घड्याळ हळूहळू मागं पडत गेलं, आणि कुठंही लाल दिवा नाही. मी टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड) चालू केलं तेव्हा कळलं. मोबाइलवरचा सहा आकडी कोड टाकतोय, यंत्र म्हणतंय चुकीचा. तो कोड दर तीस सेकंदांनी वेळेवरून बनतो, आणि यंत्र चार मिनिटं मागं. नशीब, बॅकअप कोड छापून कपाटात ठेवले होते. आता एनआयसी या सरकारी संस्थेचा सर्व्हर घातलाय. तसंही एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी घड्याळं जुळवा आणि १८० दिवसांचे लॉग (कामाच्या नोंदी) ठेवा असं आहेच. हे यंत्र स्वतःजवळ एवढे लॉग ठेवत नाही, दुसऱ्या सर्व्हरला सिसलॉग पाठवतं. चालतंय.

आता सिक्युरिटीचं पान. पहिल्यांदा उघडलं आणि चहा तसाच राहिला. एसएसएच (दुरून आज्ञा देऊन यंत्र चालवायची वाट) चालू. ८० नंबरचं साधं, न झाकलेलं एचटीटीपी चालू. एसएनएमपी (यंत्राची तब्येत दुरून विचारायची सोय) चालू, आणि त्याचा परवलीचा शब्द जगभर माहीत असलेला ‘पब्लिक’. रिपोर्ट काढायला डेटाबेसचं ३३०६ पोर्ट उघडं. फाइल शेअरही उघडा. एका बाबतीत मात्र कौतुक करतो: शेअरवर एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती मुळातच बंद होती. मे २०१७ मध्ये वॅनाक्राय नावाचं रॅन्समवेअर त्याच वाटेने पसरलं तेव्हा मी दुसऱ्या कारखान्यात होतो, तीन रात्री पॅच मारत फिरलोय, त्यामुळं ती एक खूण नसलेली चौकट बघून बरं वाटलं. बाकी सगळं मी एकेक करून बंद केलं. एसएनएमपी तेवढं लागतं, म्हणून आवृत्ती ३ वर नेलं. ती पासवर्ड विचारते आणि मजकूरही झाकून पाठवते.

सर्टिफिकेटने, म्हणजे ब्राउझरला यंत्राची ओळख पटवणाऱ्या दाखल्याने, एक शनिवार खाल्ला. यंत्रातच त्या दाखल्यासाठी विनंती बनवायचा फॉर्म आहे. नाव, संस्था, शहर कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र, सगळं हौसेने भरलं, आमच्या डोमेनच्या सर्टिफिकेट सर्व्हरकडून सही करून आणलं, चढवलं. ब्राउझर म्हणतो, असुरक्षित. कारण काय, तर फॉर्ममध्ये सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेमसाठी (ब्राउझर यंत्राचं नाव जिथं बघतो ते कलम) जागाच नाही, आणि क्रोम २०१७ पासून कॉमन नेम या नावाच्या जुन्या जागेकडं ढुंकून बघत नाही. म्हणजे या यंत्राचा फॉर्म तेव्हापासून कुणी उघडून बघितला नाही असाच अर्थ होतो. शेवटी ओपनएसएसएल या वेगळ्या टूलने बाहेर बनवून, किल्लीसकट एका फाइलीत बांधून चढवलं, तेव्हा कुलूप दिसलं.

पण खरी कथा प्रवेश यादीची. कुठल्या आयपीवरून अॅडमिनच्या पानावर येऊ द्यायचं ती यादी. सोय उत्तम आहे, अशा यंत्रात ती असलीच पाहिजे. जुलैतली एक रात्र, अकरा वाजलेले, बाहेर धो धो पाऊस. घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात जायची खासगी वाट) आत शिरलो आणि यादीत शिरोलीच्या ऑफिसचं १९२.१६८.१०.० हे नेटवर्क भरलं, कागलचं भरलं, सेव्ह दाबलं. पान गेलं. परत उघडतोय तर येत नाही. अर्ध्या मिनिटाने डोक्यात प्रकाश पडला. मी आलोय व्हीपीएनवरून, माझा आयपी १०.८ चा, आणि तो यादीत नाही. एसएसएच आदल्याच आठवड्यात मीच बंद केलेलं. व्हर्च्युअल मशीनच्या कन्सोलला, म्हणजे तिच्या थेट पडद्याला, फक्त सर्व्हर रूममधूनच जाता येतं, हा नियमही माझाच. सकाळी सहाला पॅचचं शेड्यूल लागलेलं, आणि त्यात एक चुकीचा पॅच होता जो मला थांबवायचा होता. तो थांबवायलाच तर मी रात्री आत शिरलो होतो, यादीचं काम आपलं जाता जाता.

रेनकोट चढवला, स्कूटर काढली. तावडे हॉटेलपासून पुढं पुलावर वारं असं, की हेल्मेटच्या काचेतून समोरचा ट्रक की ढग कळेना. गेटवर वॉचमन मामा छत्री घेऊन बाहेर आले.

“काय सायेब, एवढ्या रातीचं? भट्टी बंद पडली काय?”

“न्हाई मामा. मीच बाहेर राहून आतनं कुलूप लावलंय.”

“आणि किल्ली?”

“आतच हाय.”

मामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. “मग च्या पिऊन जावा,” म्हणाले.

कन्सोलवर काम दोन मिनिटांचं होतं. तिथं काळ्या पडद्यावर एक छोटा मेनू येतो, त्यात प्रवेश यादी पुसायचा पर्याय आहे. ते ज्याने ठेवलं त्याचं भलं होवो. पण चूक माझी कबूल करूनही विचारतो: ज्या आयपीवरून मी सेव्ह दाबतोय तो यंत्राला दिसत नाही का? “तू ज्या फांदीवर बसलायस ती यादीत नाही, तोडू का?” एवढं विचारायला काय जातं? मिक्रोटिकच्या स्वस्तातल्या राउटरमध्ये सेफ मोड असतो, बदल करताना संपर्क तुटला तर केलेलं सगळं आपोआप मागं फिरतं. जुनिपरच्या राउटरमध्ये कमिट कन्फर्म्ड असतं, दहा मिनिटांत ‘हो’ म्हटलं नाही तर जुनी मांडणी परत. ही युक्ती नवीन नाही. दरवर्षी प्रत्येक कॉम्प्युटरमागं लायसन्सचे पैसे घेणाऱ्यांनी ती शिकायला हरकत नाही.

टीएलएसच्या (एजंट आणि यंत्रातलं बोलणं झाकणाऱ्या पद्धतीच्या) चौकटीने वेगळाच हिसका दिला. जुनं टीएलएस १.० आणि १.१ बंद करायची एक खूण आहे. मार्च २०२१ मध्ये ती दोन्ही अधिकृतपणे मोडीत निघालीत, त्यामुळं मी डोळे झाकून खूण केली. दुसऱ्या दिवशी यादीत एक कॉम्प्युटर कमी. शोधला तर लॅबमधला, स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला. भट्टीतला नमुना त्यावर ठेवतात, त्यात कार्बन-सिलिकॉन किती ते बघूनच हीट (भट्टीतला वितळलेला धातू) ओतायची की नाही ते ठरतं. तो विंडोज ७ वर आहे, कारण स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही आणि नवं यंत्र घ्यायचं म्हटलं की मालक फॅनकडं बघतात. लॅबचं काम थांबलं नव्हतं, फक्त एजंटला बोलता येईना, कारण विंडोज ७ वेगळा अपडेट टाकून रजिस्ट्री बदलल्याशिवाय आपणहून टीएलएस १.२ वापरत नाही. मी ती खूण काढली नाही. एका म्हाताऱ्यासाठी सगळ्या गावाची दारं जुन्या कुलपाची ठेवण्यात अर्थ नाही. लॅबच्या पोरांनी चहापुरता वेळ दिला, तेवढ्यात अपडेट टाकला आणि त्या कॉम्प्युटरला इंटरनेटही तोडलं. यंत्राने मात्र खूण करायच्या आधी “हे एवढे एजंट अजून जुन्यावर बोलतात” असं दाखवायला हवं होतं. माहिती त्याच्याकडं होती, नंतर लॉगमध्ये मीच शोधून काढली.

वितरकाचा सपोर्ट: फोन उचलतात, गोड बोलतात, आणि प्रत्येक प्रश्नाला कंपनीच्या मॅन्युअलचं तेच पान पाठवतात. सर्टिफिकेटच्या फॉर्मबद्दल तक्रार नोंदवली त्याला आता सहा महिने होत आले. तिकिटाची स्थिती: ‘विचाराधीन’.

पाचपैकी साडेतीन देतो. मोजदाद आणि पॅचिंगचे साडेचार, या दोन पानांचे अडीच. घेणार असाल तर डेमोला आलेल्या माणसाला चकत्या दाखवू देऊ नका, सिक्युरिटीचं पान उघडायला लावा आणि विचारा, मी स्वतःलाच बाहेर काढलं तर हे यंत्र काय करतं? आणि घेतलंत तर पहिल्या दिवशी क्रम हा ठेवा: आधी नाव आणि डीएनएस, मग घड्याळ, मग सर्टिफिकेट, मग टू-फॅक्टर, आणि प्रवेश यादी सगळ्यात शेवटी, सर्व्हर रूममध्ये उभं राहून, दिवसाउजेडी.

नूतनीकरण जूनमध्ये आहे. सर्टिफिकेटचा फॉर्म आणि प्रवेश यादीची सूचना, या दोन गोष्टी कधी दुरुस्त होणार ते लेखी द्या, मगच पीओ (खरेदीची ऑर्डर) निघेल, असा मेल गेल्या सोमवारी वितरकाला टाकलाय. उत्तरात त्यांनी मॅन्युअलचं पान पाठवलंय.