आधी 'एक्स्पान्स' की 'फाउंडेशन'? पहिल्या सीझनबद्दलची मतं, आणि त्यातली किती मनावर घ्यायची

अंतराळातली एखादी मोठी, ऐसपैस मालिका बघायची ठरवली की दोन नावं हमखास पुढे येतात: 'द एक्स्पान्स' आणि 'फाउंडेशन'. दोन्हींचा पहिला सीझन दहा भागांचा, दोन्ही पुस्तकांवर बेतलेल्या. आणि दोन्हींच्या पहिल्या सीझनला प्रेक्षकांनी नावंही भरपूर ठेवली आहेत. "फार संथ आहे", "कोण कोणाचं काय लागतं तेच कळत नाही", "पात्रांत जीव अडकत नाही". हीच तीन वाक्यं दोन्हींबद्दल इतकी सारखी ऐकू येतात, की नुसती मतं वाचून ठरवायला गेलात तर दोन्ही सोडून तिसरंच काहीतरी लावून बसाल.

तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे. 'एक्स्पान्स'वरचा वैताग वेळेचा आहे. चार भाग काढले की तो बराचसा विरतो. 'फाउंडेशन'वरचा वैताग मालिकेतल्या एका धाग्यावरचा आहे. तो दहाव्या एपिसोडपर्यंत तसाच राहतो, आणि उरलेली मालिका मात्र तोंडात बोट घालायला लावते. निवड करताना मी तरी एवढंच विचारेन: तुम्हाला यातलं काय सोसवेल? सुरुवातीचा चढ, की शेवटपर्यंत खाली-वर होणारा रस्ता?

'एक्स्पान्स': चौथ्या भागापर्यंतचा प्रश्न

डिसेंबर २०१५मध्ये सायफाय वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. काळ तेविसाव्या शतकाचा. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचं राज्य आहे, मंगळ स्वतंत्र आणि लष्करी शिस्तीचा, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणारे 'बेल्टर' दोघांसाठी राबतात. पाणी आणि हवासुद्धा त्यांना मोजून मिळते. सेरेस या लघुग्रहावर मिलर नावाचा एक पोलीस हरवलेल्या श्रीमंत मुलीचा माग काढतोय, बर्फ वाहून नेणाऱ्या जहाजावरचा होल्डन भलत्याच भानगडीत सापडतो, आणि पृथ्वीवर अवसराला ही मुत्सद्दी बाई युद्ध टाळण्याच्या खटपटीत आहे. तीन धागे, आणि बराच वेळ एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसत नाही.

प्रेक्षक गळतात ते इथेच. मीही दोनदा गळलो. पहिल्यांदा दुसऱ्या भागात, दुसऱ्यांदा तिसऱ्याच्या मध्यावर. दुसरा भाग बराचसा एका लहानशा यानात अडकलेल्या पाच माणसांचा आहे. हवा संपत आलीय, अँटेना नादुरुस्त आहे, आणि या पाचांपैकी कोणाची आपल्याला अजून धड ओळखही नाही. मग त्यांच्या जिवाची धाकधूक आपल्याला का वाटावी? त्यात बेल्टरांची बोली. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने ती मालिकेसाठी मुद्दाम घडवली, अनेक भाषांचे तुकडे जोडून, आणि सोबतीला हातवाऱ्यांची भाषाही आहे. अवकाशात हेल्मेट घालून काम करणाऱ्यांना मान हलवून भागत नाही, म्हणून हात. कल्पना सुंदर आहे, पण सबटायटल्स लावल्याशिवाय पहिले दोन भाग बघू नका.

होल्डनबद्दलची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या सीझनभर तो कपाळाला आठ्या घालून हिंडतो. अवसरालाबद्दलची तक्रार मात्र जरा अर्धवट वाटते. लोक म्हणतात तिचे प्रसंग तुटक वाटतात, नुसती माहिती पुरवतात. त्यामागे कारण आहे. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने दोघांनी मिळून लिहिलेल्या कादंबरीमालेत ती पहिल्या पुस्तकात नाहीच, दुसऱ्यात येते. मालिकेने तिला आधीच आणलं आणि तिच्यासाठी जागा तयार करावी लागली. ती जागा शिवलेली दिसते, हे खरं. पण शोहरे अघदाश्लूचा तो खरखरीत, घोटलेला आवाज आणि अंगावरची झगमगती वस्त्रं पाहिल्यावर शिवण कितीही दिसली तरी मी तक्रार करणार नाही. पहिल्याच भागात ती एका बेल्टर कैद्याची चौकशी करते. छळ करायला हत्यार लागत नाही. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या त्या शरीराला पृथ्वीवर नुसतं टांगून ठेवलंय, बाकीचं काम पृथ्वीच करते.

या मालिकेची ताकद अशा जागांमध्ये आहे, आणि ज्यांना ती आवडली त्यांनी बहुधा याच जागा हेरलेल्या असतात. सेरेसवर एक पक्षी उडताना दिसतो: पंख एकदा हलवतो, मग कितीतरी वेळ नुसता तरंगतो, मग पुन्हा एकदा हलवतो. कोणी त्यावर अवाक्षर काढत नाही. मिलर ग्लासात दारू ओततो तर धार सरळ न पडता वाकडी पडते, कारण लघुग्रह फिरवून तिथे वजन निर्माण केलंय. यानांची रचनाही विमानासारखी नाही, उभ्या इमारतीसारखी आहे: इंजिन तळाशी आणि मजले त्यावर एकावर एक, म्हणजे इंजिन चालू असताना पाय जमिनीला टेकतात. यान थांबवायचं तर अर्ध्या वाटेत उलटं फिरवून उलट दिशेने जोर लावायचा. असल्या गोष्टींनी ज्याला गुदगुल्या होतात त्याला पहिले तीन भाग संथ वाटतच नाहीत. ज्याला होत नाहीत त्याला चौथ्या भागापर्यंत कळ काढावी लागते.

चौथा भाग का, हे कथा न फोडता सांगतो. एका युद्धनौकेवर हल्ला होतो, आणि आपण तो बाहेरून बघत नाही. आत एका खोलीत, खुर्चीला पट्ट्याने बांधलेल्या माणसांबरोबर आपणही बसलेलो असतो. काय चाललंय ते त्यांना दिसत नाही, आपल्यालाही नाही. मग एक गोळा भिंतीतून आरपार जातो. ना स्फोट, ना आग, दोन भोकं फक्त. आणि त्यातून हवा निघून जायला लागते. पुढची दोन-तीन मिनिटं मी श्वास रोखून बघितली. तिसऱ्या खेपेला इथवर पोचलो आणि उरलेला सीझन दोन दिवसांत संपवला. "चार भाग तरी बघ", हा या मालिकेच्या चाहत्यांचा ठरलेला सल्ला आहे, आणि तो उगाच नाही.

एक तक्रार मात्र चार भागांनी मिटत नाही, आणि तिच्याबद्दल चाहते फारसं बोलत नाहीत. पहिला सीझन गोष्ट संपवत नाही. पहिल्या कादंबरीचा शेवट दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात येतो. म्हणजे खरा 'पहिला सीझन' पंधरा भागांचा समजा. दहाव्या भागानंतर थांबून मत बनवणं म्हणजे मध्यंतरात उठून सिनेमाचं परीक्षण लिहिण्यासारखं आहे. भाग साधारण पाऊण तासाचे, म्हणजे अकरा-बारा तासांची तयारी ठेवा.

'फाउंडेशन': साम्राज्य एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे

'फाउंडेशन' ॲपल टीव्ही प्लसवर सप्टेंबर २०२१मध्ये आली. आयझॅक असिमोव्हच्या कथा त्याच्या कितीतरी आधीच्या. १९४२पासून त्या मासिकात येऊ लागल्या, पहिलं पुस्तक १९५१चं. हॅरी सेल्डन हा गणिती समीकरणांच्या जोरावर सांगतो की आकाशगंगेवरचं साम्राज्य कोसळणार, आणि पुढे तीस हजार वर्षं अंधारयुग येणार. ते टळणार नाही, पण आटोक्यात ठेवून एक हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी दूरच्या टोकावर, टर्मिनस या ग्रहावर, एक वसाहत.

या मालिकेचा प्रेक्षक पहिल्यापासूनच दोन गटांत विभागलेला आहे. पुस्तकं वाचलेले आणि न वाचलेले. वाचलेल्यांचा राग समजण्यासारखा आहे. पुस्तकात बहुतेक नाट्य खोलीत बसून बोलण्यात आहे, एक पेच पडतो आणि कोणीतरी डोकं लढवून तो सोडवतो. पुस्तकातला सॅल्व्हॉर हार्डिन महापौर आहे आणि बंदुकीला हात न लावता शत्रूला नमवतो. मालिकेतली सॅल्व्हॉर पहारेकरी आहे, हातात बंदूक आहे, आणि तिला आतून काहीतरी जाणवत राहतं. पुरुषपात्रं स्त्रिया झाली याबद्दल काहींनी गळा काढला, त्यात मला दम वाटत नाही. पण ज्या गोष्टीचा गाभाच 'एकट्यादुकट्या माणसाने इतिहास बदलत नाही' हा आहे, तिच्यात निवडलेली, खास, नियतीची लाडकी माणसं आणून ठेवली, हा आक्षेप वजनदार आहे. पुस्तकं मनात घर करून बसली असतील तर हे दहा भाग तुम्हाला टोचत राहतील.

आता गंमत बघा. मालिकेतला जो धागा सगळ्यांना, अगदी रागावलेल्या वाचकांनाही आवडला, तो पुस्तकात नाहीच. सम्राट क्लिऑनचं प्रतींचं घराणं. एकाच माणसाच्या प्रती पिढ्यानपिढ्या गादीवर बसतात, एका वेळी तीन: कोवळा डॉन, भर वयातला डे, म्हातारा डस्क. तिघं जेवायला बसतात तेव्हा घास घेणारे हात एका लयीत हलतात, जणू एक माणूस आणि दोन आरसे. मग आपण नकळत त्या लयीत चूक शोधायला लागतो, आणि मालिकेला नेमकं तेच हवं असतं. ली पेस यात मधला, म्हणजे डे आहे, आणि एका व्यक्तीच्या वेगवेगळ्या प्रतींमधले बारीक फरक तो चालण्यातून, मान वळवण्यातून दाखवतो. वाळवंटातल्या एका यात्रेत हा सर्वसत्ताधीश साध्या यात्रेकरूसारखा चालत निघतो. आठव्या भागातला तो प्रवास मी दोनदा बघितला. सम्राटांची सल्लागार डेमर्झेल हिच्या भूमिकेत लॉरा बर्न आहे. तिचा चेहरा हलत नाही, आणि तरी सगळं कळतं.

पण दृश्य बदलतं आणि आपण टर्मिनसवर येतो. तिथली वसाहत, तिथला हल्ला, तिथली प्रेमकथा. टर्मिनसवर चालून आलेल्या ॲनॅक्रिऑन ग्रहाच्या सेनानीच्या भूमिकेत कुब्रा सैत आहे आणि तिच्यात धग आहे, पण बाकीचा मामला कुठल्याही साहसपटातला वाटतो. मधल्या भागांत सेल्डनकडे आलेल्या तरुण गणिती गाल डॉर्निकचा धागा एका यानात अडकतो आणि कथेची गाडी तिथेच उभी राहते. वर तिचंच निवेदन, जे डोळ्यांना दिसतंय तेच कानांना सांगणारं. कथा दशकं ओलांडून उड्या मारते, आणि कोणता प्रसंग कधीचा हे लावत बसावं लागतं. "हातात फोन घेऊन बघण्याची मालिका नाही" हे चाहते कौतुकाने म्हणतात. टर्मिनसचे प्रसंग मी मात्र हातात फोन घेऊनच बघितले, आणि विशेष काही हुकलं नाही.

डोळ्यांपुरतं बोलायचं तर स्पर्धाच नाही. पहिल्या भागात आकाशातून जमिनीपर्यंत उतरलेला अवाढव्य मनोरा तुटतो आणि ग्रहाच्या पोटातले थरावर थर कापत जातो. वाहिनीवरच्या मालिकेत हे बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. बेअर मॅक्क्रिअरीचं संगीतही तोलामोलाचं. शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा. 'एक्स्पान्स' लॅपटॉपवर चालून जाते, ही नाही.

मग लावायची कोणती?

मतं वाचताना एक युक्ती वापरा. लिहिणारा कुठे थांबला ते शोधा. 'एक्स्पान्स'ला नावं ठेवणारा तिसऱ्या भागाच्या अलीकडे थांबला असेल, तर त्याचं मत सुरुवातीपुरतं धरा. दहाही भाग बघून तो म्हणत असेल की जग आवडलं पण माणसं आवडली नाहीत, तर ते गंभीरपणे घ्या. तुमची आवड त्याच्याशी जुळत असेल तर तुमचंही तसंच होईल. 'फाउंडेशन'च्या बाबतीत उलटं. तिथे कितवा भाग याला महत्त्व नाही, मत कोणत्या धाग्याबद्दल आहे ते बघा. भरभरून लिहिलेलं असेल तर ते बहुधा सम्राटांबद्दल असतं, आणि वैतागून लिहिलेलं असेल तर बहुधा टर्मिनसबद्दल.

निष्ठेचीही एक गोष्ट सांगायला हवी. सायफायने तीन सीझननंतर, २०१८मध्ये 'एक्स्पान्स' बंद केली, तेव्हा चाहत्यांनी ॲमेझॉन स्टुडिओजच्या कार्यालयावरून फलक लावलेलं विमान फिरवलं. ॲमेझॉनने मालिका उचलली, आणि २०२२मध्ये सहाव्या सीझनवर ती नीट संपली. एकूण बासष्ट भाग. 'फाउंडेशन'च्या कर्त्यांनी सुरुवातीला बोलून दाखवलेला आराखडा ऐंशी भागांचा होता. गोष्ट पुरी झालेली हवी असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

मला विचाराल तर आधी 'एक्स्पान्स', सबटायटल्स लावून, आणि पहिले चार भाग दोन बैठकींत. एकेक आठवड्याने बघाल तर नावं विसराल. अभिनय आणि भव्यता यांसाठीच मालिका बघत असाल, पुस्तकं वाचलेली नसतील आणि निम्मी गोष्ट फिकी निघाली तरी चालणार असेल, तर 'फाउंडेशन' खुशाल आधी लावा. दोन्ही बघणार असाल तर क्रम उलटा करू नका. 'फाउंडेशन'मधल्या ट्रँटॉर या राजधानीचं ते सोनेरी वैभव डोळ्यांत असताना सेरेसचे मळके, पिवळ्या दिव्यांचे बोळ उगाच गरीब वाटतात.

एक ओळखीचा चेहरा दोन्हीकडे भेटेल: जॅरेड हॅरिस. 'फाउंडेशन'मध्ये तो हॅरी सेल्डन आहे, मोजकं बोलणारा, सगळं आधीच ठाऊक असलेला. 'एक्स्पान्स'मध्ये तो अँडरसन डॉस, बेल्टरांचा पुढारी, शब्द चावत बोलणारा. मिलरसमोर तो बसलेला असतो ते प्रसंग मी सेल्डन बघून झाल्यावर पुन्हा लावले. तो एवढ्या थोड्या वेळासाठीच का येतो, हीच 'एक्स्पान्स'च्या पहिल्या सीझनबद्दलची माझी स्वतःची तक्रार.