'द मार्व्हल्स': गल्ल्यावर आपटला, पण भिकार नाही

२०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने जगभरात १ अब्ज १० कोटी डॉलरच्या वर कमावले. २०२३ मधला पुढचा भाग 'द मार्व्हल्स' २० कोटी ६० लाखांच्या आसपासच अडकला. मार्व्हल स्टुडिओच्या सुपरहिरोपटांच्या मालिकेतला नीचांक! लगेच सगळे म्हणायला लागले, सिनेमाच टाकाऊ. मला नाही पटत.

एक तर पावणेदोन तासांत संपतो, त्याबद्दल आभार. कॅप्टन मार्व्हलच्या जोडीला आलेली इमान वेलानीची सुपरहिरो कमला खान निव्वळ धमाल. तिचे आईबाबा झालेले झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर तर शेजारच्या बिल्डिंगमधले वाटतात. परग्रहावरची मांजरं अख्ख्या अंतराळस्थानकातली माणसं गिळत सुटतात, तो प्रसंग मी कितीही वेळा पाहीन. खलनायिका मात्र पाणचट, आणि शेवट घाईत गुंडाळलाय. पाचपैकी तीन तारे.

मग आपटला का? कमला आणि तिसरी नायिका मोनिका कोण, हे नीट कळायला आधी ओटीटीवरच्या दोन मालिका बघा म्हणे. तिकीट काढून वर गृहपाठ कोण करणार? त्यात हॉलिवूडच्या कलाकारांचा संप मिटला तो अमेरिकेत सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी, त्यामुळे प्रसिद्धी जवळपास नाहीच. आपल्याकडे तर ऐन दिवाळीत समोर सलमानचा 'टायगर ३'.