बॅकलिंकच्या नावाने माझे २५,९६० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

‘डीए ५० प्लस साइटवरून १०० बॅकलिंक, गूगलच्या पहिल्या पानाची गॅरंटी’ ही मेल कोकणातल्या बागायतदारांना आणि होमस्टेवाल्यांना जानेवारी-फेब्रुवारीत येते, ती उगाच नाही. (बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटला दिलेली लिंक, आणि डीए म्हणजे साइटचं वजन दाखवणारा आकडा.) या लोकांना आपला सीझन बरोबर ठाऊक असतो. मोहोर टिकेल का, तुडतुड्याची फवारणी कधी घ्यायची या धावपळीत आपण असतो आणि आंब्याच्या पेट्यांचं आगाऊ बुकिंगही तेव्हाच सुरू व्हायला हवं असतं.

माझ्याकडून दोनदा पैसे काढले. आधी १७,७००, मग ८,२६०.

पहिल्या मेलमध्ये माझ्या साइटचं नाव होतं आणि कुठला शब्द शोधला की मी चौथ्या पानावर दिसतो, तेही अचूक होतं. म्हणून विश्वास ठेवला. (ही माहिती कुणालाही दोन मिनिटांत काढता येते.) वाशीला पेट्या पाठवून दलाल देईल तो भाव घ्यायचा नाही, एवढ्यासाठी मी साइट काढली. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तरी कर्नाटकचा आंबा आमच्या नावाने विकला जातोच. अशा वेळी गिऱ्हाइकापर्यंत पोचायची धडपड करणं हा काही गुन्हा नाही.

पण ते बिल! ते आठवलं की अजून डोकं फिरतं. १५,००० अधिक १८ टक्के जीएसटी २,७००. जीएसटी लावला होता, पण जीएसटी नंबर कुठेच नव्हता. पंधरा अंक-अक्षरांचा तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंदा कोणाच्या नावावर आहे ते फुकटात कळतं. इथे नंबरच नाही, मग तो टॅक्स जाणार कुठे? वर बिल कंपनीचं आणि यूपीआयवर नाव कुणा भलत्याच माणसाचं. स्क्रीनवर ते नाव आलं, मी वाचलं, विचारलंही. ‘आमच्या अकाउंटंटचं आहे सर,’ म्हणाला. बागेत पंप सुरू, गडी खोळंबलेले आणि हा फोनवर ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच’ म्हणून मागे लागलेला. मी पिन टाकला. बिल कंपनीचं आणि खातं व्यक्तीचं असेल, तर तिथेच फोन ठेवा.

महिनाभराने एक्सेल शीट आली. लिंक उघडून बघितल्या तर बेटिंगच्या साइट, रशियन पानं, ओसाड ब्लॉगखालच्या कमेंट. डीए हा आकडा गूगलचा नाहीच. मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा तो अंदाज आहे, गूगल त्यावर रँक ठरवत नाही आणि तो फुगवताही येतो. रँक वाढवायला लिंक विकत घेणं गूगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहे. अशा लिंकांवर गूगलच्या २०१२ च्या ‘पेंग्विन’ या बदलापासून बडगा आहे आणि डिसेंबर २०२२ पासून ‘स्पॅमब्रेन’ ही गूगलची स्पॅम पकडणारी यंत्रणा त्या निकामी करते. म्हणजे पैसे मोजून शून्य मिळतं किंवा कारवाई ओढवते.

मग दुसऱ्या नंबरवरून फोन आला. ‘तुमच्या साइटला गूगलची पेनल्टी लागलीय, घाण लिंक काढायला ७,००० अधिक जीएसटी.’ घाबरून दिले. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत ‘मॅन्युअल ॲक्शन्स’चं, म्हणजे साइटवर झालेल्या कारवाईचं, पान आहे, फुकट. नंतर उघडलं तर तिथे एकही नोंद नाही! लिंक नाकारायचं डिसअव्हाव टूलही गूगल फुकट देतं. पेनल्टीचं नाव कुणी काढलं, तर आधी हे पान बघा.

आमच्या एका होमस्टेवाल्याला वकिलाच्या नावाने मेल आली. ‘तुम्ही आमचा फोटो वापरलात, आमची लिंक टाका, नाहीतर कोर्ट.’ फोटो त्याने स्वतः काढलेला. अशा धमकीला लिंक देऊ नका, वकिलाचा नोंदणी क्रमांक मागा.

आता तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद झाली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर पावती मिळाली. पुढे पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘बॅकलिंक म्हणजे काय?’ तो राग नाही, समजावून सांगितलं. राग पुढच्याचा आहे. ‘त्याने लिंक दिल्या ना? मग फसवणूक कुठली? दिवाणी दावा करा.’ खोटी गॅरंटी, नोंदणी नसताना उकळलेला जीएसटी, पेनल्टीची थाप, हे सगळं भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात बसत नसेल तर काय बसतं? नंतर म्हणाले, आरोपी आमच्या हद्दीत नाही. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायला हवी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ कलम सांगतं. ते दाखवलं तर साहेब उठून गेले. बँकेचं एकच पालुपद, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ अहो, पिन मीच टाकला म्हणून तर तक्रार करतोय! ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव यांच्या समोर आहे, खातेदाराला एक फोन लावायला कुणी तयार नाही. पोर्टलवर अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं.

पैसे गेले तर घरच्यांपासून लपवत बसू नका, त्याच तासाला १९३० लावा. रक्कम त्या खात्यात आहे तोवरच गोठवता येते. बिल, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. आणि जीएसटी नंबर नसलेलं असं बिल तुमच्याकडे असेल, रक्कम छोटी असली तरी, तक्रार टाकाच. एकट्याला ‘दिवाणी दावा करा’ म्हणून वाटेला लावतात, त्याच खात्यावर पाच जणांच्या तक्रारी पडल्या की तसं म्हणणं त्यांना जड जाईल.